क्रेझीराव आणि चार बोटं कापड

क्रेझीराव पहिल्यांदा आमच्या घरात शिरला तेव्हा मला वाटलं, इमारतीला आग लागली आहे आणि हा माणूस आम्हाला वाचवायला आला आहे. दार त्याने वाजवलं नाही. दारच त्याला शरण गेलं. आधी एक शिडी आत आली. शिडीमागून गळ्यात टेप, कानावर खडू आणि दातांत दोन स्क्रू धरलेला एक किडकिडीत माणूस आला. आम्हा नवराबायकोकडे ढुंकूनही न बघता तो सरळ बैठकीच्या खोलीतल्या खिडकीपुढे जाऊन थबकला. दोन पावलं मागे सरला. एक हात छातीवर ठेवला. शिडी भिंतीला टेकवायचं भान त्याला राहिलं नव्हतं, म्हणून ती माझ्या खांद्याला टेकली. मग त्याने दातांतले स्क्रू खिशात टाकले आणि गर्जना केली.

"आय ॲम क्रेझी अबाउट धिस विंडो!"

समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली ती दोन दिवस परत आली नाहीत. वरच्या मजल्यावरचं बाळ जन्मापासून रडत होतं, ते गप्प झालं. सौभाग्यवती भिंतीला धरून खाली बसली.

आता ती खिडकी काय होती, हे सांगायला हवं. तिच्यातून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे तीन नळ दिसत. त्यातला एक गळका होता. घर दाखवताना दलाल सगळा वेळ त्या खिडकीला पाठ लावून उभा होता. आम्हाला वाटलं, माणसाला पाठदुखी असेल. अशा खिडकीवर कोणी जीव टाकेल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. पण हा पठ्ठ्या तिच्या चौकटीवरून असा हात फिरवत होता की मला माझ्याच घरात परक्यासारखं वाटायला लागलं.

"इतकं कौतुक," आमची ही मला नंतर म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा तुम्हीसुद्धा केलं नव्हतंत."

मी म्हणालो, "मी मराठी माध्यमातला."

त्या दिवशी आम्ही दुकानात एकाच खिडकीचा पडदा सांगून आलो होतो आणि पाच खिडक्यांचे पडदे, न्हाणीघरालाही एक आणि जिथे खिडकी नव्हती त्या भिंतीलाही एक, असे शिवायला टाकून मोकळे झालो.

क्रेझीराव आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या पडद्यांच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाला कापड दाखवायचं, घरी जाऊन खिडकीचं माप घ्यायचं, पडदा तयार झाला की रॉड ठोकून लटकवून यायचं, हे त्याचं काम. त्याचं खरं नाव त्याच्या आईला ठाऊक होतं, पण तीही हल्ली रागावली तरच ते वापरायची. या नावामागे दुकानावरच्या खोलीत भरलेला एक इंग्रजीचा वर्ग होता.

त्या वर्गाचे मास्तर मोठे तत्त्वाचे. आठवड्याला एकच वाक्य. "एक वाक्य हाडात मुरल्याशिवाय दुसरं मिळणार नाही," अशी त्यांची अट. फळ्यावर त्यांनी पहिल्या दिवशी 'आय ॲम क्रेझी अबाउट' एवढंच लिहिलं आणि सांगितलं, "एखाद्या गोष्टीचं फार, म्हणजे फारच वेड असलं, की असं म्हणायचं. पुढे ती वस्तू जोडायची. आठवडाभर जे दिसेल त्याला जोडा. लाजलात की संपलात." वर्गात एक नर्स होती, एक न्हावी होता, दोन बँकेतले कारकून होते. ते सगळे लाजले. क्रेझीरावाच्या जन्मपत्रिकेत ते घरच नव्हतं. त्याने आठवडाभर दिसेल त्याला जोडलं. पुढच्या आठवड्यात मंडळी दुसरं वाक्य घ्यायला गेली तर दाराला कुलूप. मास्तरांना दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि जाताना ते उरलेली सगळी इंग्रजी भाषा सोबत घेऊन गेले होते.

दुसऱ्या कोणाची अशा वेळी गाडी अडली असती. क्रेझीरावाने मात्र एकाच वाक्याच्या जोरावर जग फिरायचं ठरवलं. माणसाला हातोडा मिळाला की त्याला सगळीकडे खिळे दिसतात, तशी त्याला सगळीकडे वेड लागण्याजोगी वस्तू दिसायला लागली. आय ॲम क्रेझी अबाउट धिस कॉटन. आय ॲम क्रेझी अबाउट युवर सोफा. सायकलवर शिडी आडवी बांधून चौकातून जाताना वाहतूक पोलिसाने शिट्टी मारून अडवलं, तर म्हणाला, "साहेब, आय ॲम क्रेझी अबाउट युवर शिट्टी!" पोलीस इतका गोंधळला की त्याने चारही बाजूंची वाहनं एकदम सोडली. दाताच्या डॉक्टरने दाढ उपटायला याचं तोंड उघडून ठेवलं होतं, तेव्हा त्याला व्यंजनं जमेनात, तर नुसत्या स्वरांत वाक्य पूर्ण केलं.

गल्लीतले पोस्टमास्तर वारले तेव्हा तर कहर झाला. भेटायला गेलेले सगळे माना खाली घालून बसलेले. "काय बोलणार, शब्दच नाहीत," असं प्रत्येक जण भरपूर शब्दांत सांगत होता. तेवढ्यात हा आत आला, काकूंसमोर बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "काकू, आय ॲम क्रेझी अबाउट काका." आम्ही सगळ्यांनी जमीन दुभंगण्याची वाट बघितली. काकूंनी पदर तोंडावरून काढला आणि म्हणाल्या, "मी पण रे." आणि सकाळपासून पहिल्यांदा दोन घोट चहा प्यायल्या.

धंद्याचं तर विचारू नका. लोकांना आपल्या घराबद्दल चांगलं ऐकायची केवढी भूक असते, हे क्रेझीरावामुळे कळलं. नातेवाईक येतात ते भिंतीवरची ओल दाखवायला. हा येऊन ओलीच्याही नक्षीवर वेडा व्हायचा. गिऱ्हाईक हुरळून जायचं आणि अस्तरासकट, झालरीसकट, शेंड्यागोंड्यांसकट पडदे सांगायचं. दुकानाचे मालक गल्ल्यावर बसल्या बसल्या हे बघायचे आणि म्हणायचे, "मेल्याला दुसरं वाक्य येत नाही तेच बरं आहे. आलं असतं तर मला दुकान वाढवावं लागलं असतं."

या सगळ्या वेडाला एकच माणूस बधत नव्हतं. दुकानाच्या मागे शिवणाची खोली होती. तिथे पायमशीनवर एक बाई बसायची. तिला सगळे 'कात्री' म्हणायचे. हातात ती असायचीच, आणि तोंडात दुसरी होती. क्रेझीराव मापं आणायचा, कात्री त्यावरून कापड कापून पडदे शिवायची. दोघं एकमेकांना कोवळ्या वयापासून ओळखणारी, आता चाळिशीच्या उंबऱ्यावर आलेली आणि दोघंही बिनलग्नाची. त्या खोलीच्या बरोबर वर आमचं स्वयंपाकघर. मागची खिडकी उघडी असली की खालचा शब्द न् शब्द वर यायचा. आमच्या घरात रेडिओ घेण्याची गरज कधी पडली नाही, ती त्यामुळे.

एका सोमवारी दुपारी मशीनचा आवाज एकदम थांबला आणि क्रेझीरावाचा आवाज आला.

"ऐक ना. आय ॲम क्रेझी अबाउट यू."

आमच्या हिने गॅस बंद केला. पोळी तव्यावर राहिली ती राहिलीच.

कात्री म्हणाली, "सकाळी ते पितळी कड्यांचं खोकं उघडलंस, तेव्हा काय म्हणाला होतास?"

"कड्यांना?"

"हो, कड्यांना."

"म्हणजे... तेच."

"आणि काल त्या बाईंच्या कुत्र्याला?"

"कुत्रं खरंच गोड होतं गं."

"चावलं ना तुला?"

"त्याच्या आधीचं बोलतोय मी."

"म्हणजे कड्या, मग कुत्रं, मग मी. रांगेत उभी राहू की बसले तर चालेल?"

"तुझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? वाक्य तर तेच आहे."

कात्रीने मशीनचं चाक एकदा फिरवलं आणि थांबवलं. ती पुन्हा बोलली तेव्हा आवाजाची धार जरा उतरली होती.

"हे बघ, चेष्टा सोड. त्या गादीवाल्याने माझ्या मोठ्या बहिणीकडे विचारणा केलीय. येत्या रविवारी मी उत्तर द्यायचंय."

गादीवाला समोरच्याच रस्त्यावरचा. विधुर, धंद्याचा, शांत. त्या माणसाने जन्मात कशालाही 'बरं आहे' याच्यापुढे दाद दिली नव्हती. पण त्याचं 'बरं' म्हणजे बरंच असायचं.

"तो मला बघून काय म्हणाला माहितीय?" कात्री म्हणाली. "म्हणाला, बरं आहे. मी त्यावर विश्वास ठेवला. तुझ्यावर कसा ठेवू?"

"मी काय करू ते सांग."

"रविवारपर्यंत कशानेही वेडा होऊ नकोस. कड्या, कापड, कुत्रं, काही नाही. मग रविवारी येऊन म्हण, काय म्हणायचं ते. मी ऐकेन. तोवर तोंडातून ते वाक्य निघालं, की मी गादीवाल्याची."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही."

"आय ॲम क्रे—" त्याने उत्साहाने होकार द्यायला तोंड उघडलं आणि स्वतःच्या हाताने दाबून धरलं.

त्या आठवड्यात जे हाल झाले ते शत्रूचेही न होवोत. मंगळवारी क्रेझीराव आमच्याकडे सोफ्याच्या अभ्र्याचं माप घ्यायला आला. आमच्या हिने मुद्दाम नवा फुलदाण्यांचा जोड समोर मांडला होता. त्याने फुलदाण्या पाहिल्या. त्याच्या मानेची शीर फुगली. त्याने तोंड फिरवलं तर समोर ती खिडकी! बिचाऱ्याने डोळे गच्च मिटून, चाचपडत सोफा मोजला. जाताना म्हणाला, "येतो वहिनी. सोफा... सोफा आहे."

दुकानात एक बाई मखमलीचा गठ्ठा उलगडून विचारत होत्या, "कसं वाटेल हो हे माझ्या खोलीत?" क्रेझीराव म्हणाला, "लागेल खिडकीला." बाई गठ्ठा तिथेच टाकून गेल्या. मालकांनी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "अरे, ताप आहे का? पोट बिघडलंय का? मेल्या, बोल काहीतरी, कमीत कमी रॉड झाकायच्या त्या लाकडी पेल्मेटवर तरी वेडा हो!" याने मान हलवली. मालकांनी मग स्वतःच प्रयत्न केला. एका गिऱ्हाइकापुढे हात पसरून "आय ॲम क्रेझी!" एवढंच म्हणाले आणि पुढचं विसरले. ते गिऱ्हाईक पुन्हा त्या फुटपाथवरूनही गेलं नाही.

घरी आईची वेगळीच तऱ्हा. मुलगा जेवून उठला आणि भाजीला काही म्हणाला नाही, म्हणून तिने दुसऱ्या दिवशी मीठ कमी घातलं, तिसऱ्या दिवशी जास्त घातलं आणि चौथ्या दिवशी घातलंच नाही. तो सगळं मुकाट्याने खायचा. "कोणी काही करणी केली का रे तुला?" ती विचारायची. तो नुसता बोट वर करून रविवार असं खुणेने दाखवायचा. रविवार खुणेने कसा दाखवतात हे मलाही माहीत नाही, पण आईला तो समजला नाही, तेच बरं झालं.

मध्यंतरी बुधवारी एक मोठं काम आलं. चौकात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा दवाखाना शनिवारी उघडणार होता. सगळ्या खिडक्यांना जाड पडदे हवे होते आणि डोळे तपासायच्या खोलीला काळ्या अस्तराचे, उजेडाचा कणही आत येऊ नये असे. डॉक्टरीणबाईंनी क्रेझीरावाची कीर्ती ऐकलेली. त्या दारातच उभ्या राहिल्या, कौतुक ऐकायला. क्रेझीराव आत गेला, नजर टेपच्या आकड्यांवर ठेवून खिडक्या मोजल्या आणि बाहेर पडला. "काही म्हणाला नाहीत?" त्यांनी विचारलं. "शनिवारी लागतील," तो म्हणाला. त्यांना वाटलं, दुकानाने दुसराच माणूस पाठवला.

मापं कात्रीकडे गेली. कात्रीने गुरुवार, शुक्रवार मान वर न करता पडदे शिवले. शनिवारी सकाळी क्रेझीरावाने ते लटकवले. आणि दहा-पंधरा मिनिटांत मालकांच्या फोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज एवढा मोठा आला, की फोन नसता तरी चौकातून ऐकू आला असता.

मीही बघायला गेलो. खोटं कशाला बोलू, पळतच गेलो. दवाखान्यातला एकूण एक पडदा आखूड झाला होता. वर्षभरात वाढलेल्या पोराची जुनी विजार असते ना, तसे सगळे पडदे खिडकीच्या खालच्या चौकटीपासून वर अधांतरी लोंबत होते. अंधाराच्या खोलीत तर खालच्या फटीतून उन्हाची लखलखीत पट्टी आत आली होती. डोळ्यांत औषध घालून बसलेले पहिले पेशंट आजोबा त्या उजेडाने हैराण होऊन ओरडत होते, "बाई, दिसायला लागलं! सगळं दिसायला लागलं! बंद करा!"

"डोळ्यांच्या डॉक्टरला हे दिसणार नाही असं वाटलं तुम्हाला?" डॉक्टरीणबाई विचारत होत्या. मालक एका पडद्याला खाली ओढून बघत होते, जणू तो वाढीच्या वयातलाच असावा.

मी घरी परतलो तो थेट स्वयंपाकघरात. ही आधीच खिडकीत होती. तिने मला बसायला स्टूल ठेवलं होतं. संसार संसार म्हणतात तो हाच.

खाली कात्री कडाडत होती. "मापं कशी घेतलीस तू? डोळे मिटून?"

"उघडे ठेवून. चारचारदा. जेवढी खिडकी, तेवढं माप."

"जेवढी खिडकी, तेवढं?"

"तसूभर इकडे नाही, तिकडे नाही."

खाली काहीतरी टेबलावर खणकन ठेवल्याचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत आला.

"अरे देवा," कात्री म्हणाली. "आणि मी चार बोटं कापली."

"कसली चार बोटं?"

"तुझ्या मापातून मी नेहमी चार बोटं कमीच कापते. पहिल्यापासून. तुला खिडकी आवडली की तू टेप ढिली सोडतोस. तुला ती खिडकी आहे त्यापेक्षा मोठीच दिसते. तू आणलेल्या मापाने शिवलेला पहिला पडदा जमिनीवर लोळत होता. तेव्हापासून तुझं माप आलं की मी आधी चार बोटं वजा करते, मग कात्री लावते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मापं नीट घ्यायला लागला असतास. मग तू तू राहिला असतास का?"

ती आता थांबेना. "चारच बोटं असं नाही. खिडकीतून झाड दिसत असलं तर पाच. न्हाणीघर असलं तर दोन. त्या टेकडीवरच्या बंगल्याला तू गेलास तेव्हा पूर्ण वीत कापली मी, तरी पडदा बरोबर बसला."

"म्हणजे मी कुठे किती वेडा झालो, ते तू दर वेळी मोजत होतीस?"

"मोजत नव्हते. कापत होते."

आमच्या हिने माझा दंड इतक्या जोराने दाबला की आठवडाभर निळा होता.

"या खेपेला तू ते वाक्य बंद केलंस, म्हणजे फक्त तोंड बंद केलंस असं मला वाटलं," कात्री म्हणाली. आवाज आता अगदी खाली आला होता. आम्हाला खिडकीबाहेर अर्धं लोंबावं लागलं. "हातसुद्धा शहाणा झाला असेल, असं मनात आलं नाही. इतकं मनावर घेतलंस?"

"मग? रविवारचा प्रश्न होता."

तेवढ्यात मालक आत आले आणि त्यांनी रविवारच काय, पुढच्या सगळ्या वारांचा उद्धार केला. शेवटी ठरलं ते असं, की प्रत्येक पडद्याला खाली त्याच कापडाची पट्टी जोडायची, आणि दवाखान्यातच बसून, आज.

दुपारभर ती दोघं दवाखान्यात बसली होती. पेशंट परत पाठवले होते. मी मालकांच्या मदतीला म्हणून गेलो होतो आणि एकाही पट्टीला हात न लावता खुर्चीत बसून होतो. क्रेझीराव पडदा ताणून धरायचा, कात्री पट्टी जोडायची. अंधाराच्या खोलीतला शेवटचा पडदा झाला, तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "बोल आता."

"आज शनिवार आहे."

"असू दे. रविवार मीच लावला होता, मीच काढते. बोल. चेहरा बघ कसा झालाय, फुटशील."

आणि तो फुटला. आय ॲम क्रेझी अबाउट धिस पट्टी! धिस अंधार! भिंतीवरच्या, डोळे तपासायच्या अक्षरांच्या पाटीवर तो वेडा झाला, वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या न दिसणाऱ्या ओळीपर्यंत. फिरती खुर्ची, डॉक्टरीणबाईंची बॅटरी, डॉक्टरीणबाईंचा चश्मा, मालकांचं टक्कल, झालंच तर मीसुद्धा. मंगळवारच्या फुलदाण्या थकल्या होत्या, त्याही त्याने चुकत्या केल्या. आईच्या बिनमिठाच्या भाजीवर वेडा झाला. मालक "वाचलो, वाचलो!" म्हणत टाळ्या पिटत होते. डॉक्टरीणबाई सकाळपासून पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी विचारलं, "आणि खिडक्या?" खिडक्यांवर तर तो एकेक करून, नावानिशी म्हणावं तसा वेडा झाला. शेवटी दम संपला. घामाघूम होऊन तो कात्रीपुढे उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "अँड यू."

कात्रीने सुई पिनकुशनात खोचली. "कितवी मी?"

"शेवटची."

"बघ हं. पुढे अजून काही आठवलं तर?"

"नाही आठवणार. सगळं संपलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "गादीवाल्याला काय सांगायचं ते मी सांगते. तू शिडी उचल."

तिने गादीवाल्याला निरोप दिला तेव्हा तो म्हणाला, "बरं आहे."

लग्न पुढच्या महिन्यात नोंदणी कार्यालयात झालं. डॉक्टरीणबाईंनी वर्षाच्या आत ते पडदे काढून दोरीने ओढायचे ब्लाइंड्स बसवले.